म्हाताऱ्या हत्तीचा वैद्य

शिळेगडच्या राजाने गडाच्या माथ्यावर औषधशाळा बांधली आणि हुकूम काढला: राजवैद्य कोणत्याही माणसासाठी गड उतरणार नाही, औषध हवं त्याने वर यावं. पायथ्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांना गड कसला, घराचा उंबराही जड. औषधशाळेत म्हातारं माणूस फिरकेना. राजा मात्र खूश. कोणी येत नाही, म्हणजे माझ्या राज्यात म्हातारी माणसं आजारीच पडत नाहीत, असं तो मिशीला पीळ भरत सांगे आणि दरबार माना डोलवे.

गावातल्या येसूच्या आजाच्या, कोंडाजीच्या पायाची जखम चिघळली होती. उपचार झाले नाहीत तर पाय जाणार, हे उघड होतं. येसू तडक गड चढून दरबारात उभी राहिली.

"आजाला पाठीवर घालून आण," राजा म्हणाला.

"मग माझ्या पाठीचंही औषध तयार ठेवा, महाराज."

कोणीतरी फिस्कन हसलं. राजा चिडला. हुकूम न मोडता वैद्याला गावात नेऊन दाखव, असा पेच त्याने तिलाच घातला.

परतताना वाटेत पीलखाना, म्हणजे राजाची हत्तीशाळा लागली. माहूत रडकुंडीला आला होता. दगडांवर उभं राहून राजाच्या लाडक्या म्हाताऱ्या हत्तीचे पाय सुजले होते, डुंबायला पाणी नव्हतं. राजवैद्याने सकाळी लेप लावल्याशिवाय राजा जेवत नसे. येसू तिथूनच राजाकडे मागे फिरली. आमच्याकडे नदी आहे, मऊ माती आहे, ऊस आहे. हत्तीची चाकरी गाव करील, असं तिने सांगताच राजाने हत्तीला खाली न्यायची परवानगी दिली. हत्ती हळूहळू गड उतरला. लेपात खंड पडता कामा नये, असं वैद्याला बजावण्यात आलं.

दुसऱ्या सकाळी वैद्य कुरकुरत नदीवर आला, तर हत्तीभोवती सगळे म्हातारे बसलेले. कोणी खोकत होतं, कोणी डोळे चोळत होतं. वैद्याने हत्तीचा पाय पाहिला, मग कोंडाजीचा.

बातमी कळताच राजा स्वतः खाली आला.

"पोरी, माझा हुकूम मोडलास?"

"छे! वैद्यबुवा हत्तीसाठीच उतरले. ही मंडळी नुसती शेजारी बसलीत."

"हत्तीची गोष्ट वेगळी. तो म्हातारा झालाय, पाय सुजलेत. तो गड कसा चढणार?"

येसूने आजाचा सुजलेला पाय हत्तीच्या पायाशेजारी ठेवला.

"आमच्या आजाला सोंड नाही, महाराज. एवढाच त्याचा गुन्हा."

राजाने दोन्ही पाय पाहिले आणि असा खदखदून हसला की हत्तीनेही कान फडकवले. औषधशाळा नदीकाठी हलवण्याचा आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी वैद्याने जाण्याचा हुकूम तिथेच सुटला. हातातलं सोन्याचं कडं त्याने येसूला दिलं.

आधी हत्तीला तपासायचं की माणसांना, वैद्याने दबकत विचारलं.

"ज्याचं वय जास्त त्याला," राजा म्हणाला.

कोंडाजीने लगेच माहुताला हत्तीचं वय विचारलं.