तायाक्कानं गप्प केलेली गाडी

फार वर्षांपूर्वी, सांबरखिंडीच्या घाटात डांबर नव्हतं आणि कठडेही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. घाट चढायच्या आधीचं शेवटचं गाव उंबरतळ, आणि उंबरतळातलं शेवटचं छप्पर तायाक्काचं. त्याच्या पुढे नुसती चढण, करवंदीच्या जाळ्या आणि डाव्या हाताला दरी.

तायाक्का लोहाराची सून. तिचा नवरा आधी बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा. मग घाटातून मोटारी येऊ लागल्या तसा तो मोटारी दुरुस्त करायला शिकला, आणि एका पावसाळ्यात तापानं गेला. मागे राहिली तायाक्का आणि तिच्या कडेवरची शेवंता. लोकांना वाटलं, आता ही भट्टी विझली. पण सुतक फिटलं त्याच दिवशी एक ट्रक खडखडत दारात येऊन उभा राहिला. तायाक्कानं पोर शेजारणीकडे दिली, पदर खोचला आणि ती ट्रकखाली शिरली. बाहेर आली ती मेस्त्रीण होऊनच, असं म्हणतात.

तिचं हत्यार होतं घरातलं मुसळ. मुसळाचं लोखंडी कडं ती गिअरबॉक्सला टेकवायची आणि दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावायची. डोळे मिटायची. मग ड्रायव्हरला हुकूम सुटायचा, "न्यूट्रलला ठेव. क्लच दाब. सोड. परत दाब."

क्लच सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर गप्प, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग गेलं. दाबल्यावरच चरचर, तर दोष क्लचच्या बेअरिंगचा, गिअरबॉक्स खोलायचं कारण नाही. एकाच गिअरला गाडी ओरडते, तर त्याच गिअरचे दात झिजले. सगळ्याच गिअरना ओरडते, तर आधी तेल बघा. एवढं साधं होतं ते. तायाक्का ते कुणापासून लपवत नसे. विचारणाऱ्याला सांगायची आणि न विचारणाऱ्यालाही सांगायची. पण साधी गोष्ट साधी राहिलेली लोकांना बघवत नाही. म्हणून ते म्हणतात की ट्रक ओढ्याच्या पलीकडे असतानाच ती चुलीपाशी बसून सांगायची, "तिसऱ्या गिअरचं दात गेल्यात ह्याचं. भाकरी जास्तीची टाका, हा मुक्कामाला हाय."

एकदा एक ड्रायव्हर तिला म्हणाला, "आक्का, आवाज काय, हुतोच. माझी बायको ह्यापरास जास्त वरडती."

"मग तिचं काय दुखतंय ते इचारलंयस का कधी?" तायाक्का गाडीखालूनच म्हणाली.

बाकीचे ड्रायव्हर पोट धरून हसले. तो मात्र घरी गेला आणि त्यानं खरंच विचारलं, असं म्हणतात.

एक काम ती कधी करत नसे. जुन्या गाड्या विकणाऱ्यांची एक युक्ती होती. गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा आणि पिकलेली केळी कोंबायची. त्यांचा लगदा दातांच्या मध्ये बसतो, आणि वाघासारखी ओरडणारी गाडी मांजरीसारखी चालायला लागते. थोडा वेळ. मग लगदा तेलाची वाट अडवतो, कोरडं बेअरिंग तापतं आणि फुटतं. असा कुणी केळी घेऊन आला की तायाक्का ती केळी शेळ्यांपुढे टाकायची आणि म्हणायची, "हे औषध न्हवं, बाबा. हे कण्हणाऱ्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबणं हाय."

शेवंता वाढली ती ह्या आवाजांत. गावात माणसं नेणारी गाडी एकच, गुंडू ड्रायव्हरची काळी मोटार. ती तेव्हाच म्हातारी झालेली होती. अडलेल्या बाईला, साप चावलेल्या माणसाला तीच घाटापलीकडे दवाखान्यात न्यायची. शेवंता तिला नुसती 'काळी' म्हणायची. काळी दूरच्या वळणावर असली तरी पोर पाटावरून उठायची, "आई, गुंडूमामा आला. आज काळीला तेल कमी हाय." आणि तेल खरंच कमी असायचं.

शेवंता लग्नाची झाली. घाटापलीकडच्या गावातल्या केरबाशी तिचं ठरलं. मुलगा चांगला होता, पोरीनं त्याला जत्रेत बघितलेलं होतं आणि तिला तो आवडलाही होता. तायाक्कानं आनंदानं हळद कुटली. आणि लग्न तोंडावर आलं तशी काळी घरघरायला लागली.

तायाक्कानं मुसळ लावलं. क्लच सोडला की घरघर, दाबला की गप्प.

"आतलं बेअरिंग गेलंय, गुंडू. खोलाय पायजे. शहरातनं नवं आणाय पायजे. तवर हिला घाटात न्यायची न्हाई."

"लगीन होऊ दे की, आक्का."

"लगीन पुढं ढकलू. हप्त्याभरानं काय बिघडतंय?"

दुसऱ्या दिवशी केरबाचे मामा, सुबराव, तयारी बघायला आले. मुलाला वडील नव्हते, मामांचाच शब्द चालायचा. वाईट माणूस नव्हता तो. फक्त चार लोक काय म्हणतील, ह्याची त्याला फार धास्ती.

काळीचा आवाज ऐकून ते म्हणाले, "विहीणबाई, ही मोटार हाय का रानडुक्कर?"

"बेअरिंग गेलंय, पाव्हणं. आठ दिवस द्या."

"बेअरिंगसाठी मुहूर्त ढकलायचा? लोकांस्नी काय सांगू, नवरीची गाडी आजारी हाय म्हणून?"

"मग बैलगाडीनं नेऊ."

"बैलगाडीतनं आमची आजी आली हुती." मामा हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बापाविना पोर म्हणून आमी काय मागितलं न्हाई. वरात गावात शिरताना लोकांनी हसू नये, येवढंच म्हणणं हाय. आवाज तेवढा बंद करा. न्हाईतर केरबाला दुसरं स्थळ बी सांगून आलंय."

गावातले चार शहाणेही मध्ये पडले. एक दिवसाचा प्रश्न आहे, म्हणाले. एक दिवसाचा प्रश्न! ह्या शब्दांनी जेवढी माणसं मारली आहेत तेवढी पटकीच्या साथीनंही मारली नसतील. पण बापाविना पोरीच्या आईला तिथे उभं राहून नाही म्हणणं किती जड जातं, ते सल्ला देणाऱ्यांना कधी कळत नाही. शेवंता आत बसून मेंदी बघत होती. तिचं तोंड उजळलेलं होतं. तायाक्कानं ते बघितलं.

दुपारी ती सुताराकडून भुसा घेऊन आली. केळी लग्नाची घरात होतीच. जाऊन येऊन एक फेरी, परत आली की लगेच खोलू, असं तिनं गुंडूला बजावलं, आणि ज्या हातांनी कधी कुठल्या गाडीला खोटं औषध दिलं नव्हतं त्याच हातांनी ते काळीच्या पोटात भरलं. त्या संध्याकाळी गावातल्या एकाही गाईनं पान्हा सोडला नाही, असं म्हणतात.

लग्न चांगलं झालं. ताशा वाजला, पंगती उठल्या, आणि उन्हं कलायच्या आत घाट उतरावा म्हणून वरातीची घाई सुरू झाली. बाकीचं वऱ्हाड बैलगाड्यांतून मागून येणार होतं. मागच्या सीटवर केरबा आणि शेवंता बसले. गुंडूनं गाडी चालू केली.

काळी गप्प होती. मामांनी खूश होऊन गुंडूच्या पाठीवर थाप मारली.

शेवंतानं मुंडावळ्या बाजूला सारून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आई, काळी बोलंना झाली."

"बरी झाली ती. गप बस."

"बरी झाल्यावर अशी असती व्हय? हिचा आवाज मला ठावं न्हाई का? आई, एकदा मुसळ लावून बघ की."

"नवरी हाय का मेस्त्री?" मामा म्हणाले, आणि बायका खळखळून हसल्या.

तायाक्काला सगळं ठाऊक होतं. मुसळ लावायचीही गरज नव्हती. ती पोरीजवळ गेली, तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "नवरीनं बोलू न्हाई, शेवंता."

शेवंता बोलली नाही. आईकडे तिनं एकदा बघितलं आणि काळी घाटाला लागली.

चढ ती चढली. खिंड ओलांडली. उतारावर गुंडूनं दुसरा गिअर घातला, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवील. थोड्या वेळानं तो गिअर आपोआप निसटला. गुंडूनं परत घातला, परत निसटला. मग तो पडेचना. आतलं बेअरिंग फुटलं होतं, दातांना दात भेटत नव्हते. सगळा भार ब्रेकवर आला, ब्रेकमधून धूर निघाला आणि पुढच्या वळणावर गाडी वळली नाही. गुंडू दारातून करवंदीच्या जाळीत फेकला गेला आणि वाचला. मागच्या सीटवरचे दोघं गाडीबरोबर दरीत गेले.

"शेवटपातूर तिनं आवाज केला न्हाई," गुंडू मरेपर्यंत सांगत राहिला. "केला आसता तर मी थांबलो आसतो."

सुबराव तेराव्याच्या आत तायाक्काच्या अंगणात येऊन बसले. डोक्याचं पागोटं काढून त्यांनी मातीत ठेवलं.

"आक्का, मी बोललो हुतो."

"तुमी बोलला, पाव्हणं," तायाक्का म्हणाली. "घातलं म्या."

भट्टी तिनं बंद केली. मुसळ घेऊन ती घाटाच्या पहिल्या वळणावर जाऊन बसली आणि येईल ती गाडी थांबवायला लागली. ऊन असो, पाऊस असो. पैसे कुणी दिले तर घेत नसे, भाकर दिली तर अर्धी खायची. आता ती ड्रायव्हरला आधी काही विचारत नसे. मागे जाऊन बघायची. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, घुंगट ओढलेल्या, कुणीही असो, त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन विचारायची, "तुला काय ऐकाय येतंय?" आणि त्यांचं ऐकून झाल्यावर मुसळ लावायची.

एका श्रावणात गच्च भरलेली बस आली. मागे बसलेली एक पोरगी म्हणाली, "मला कायतरी घुमल्यागत वाटतंय." तायाक्कानं मुसळ लावलं. गिअरबॉक्स ठणठणीत होता. मग तिनं तेच मुसळ डोंगराच्या दगडाला लावलं आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली.

"गाडी बरी हाय," ती म्हणाली. "डोंगर कण्हतोय."

"आक्का, टाईम झाला," कंडक्टर ओरडला. तायाक्का चाकापुढे आडवी झाली. कंडक्टर शिव्या देत होता, लोक कुरकुरत होते, आणि पुढच्या वळणावर डोंगराचा अर्धा खांदा तुटून रस्त्यासकट दरीत गेला. हे खरं की खोटं मला विचारू नका. तुटलेला खांदा मात्र अजून तिथे आहे, झाडसुद्धा उगवत नाही त्याच्यावर.

लोक तेव्हापासून तिच्या पाया पडू लागले. तिला ते आवडत नसे. "एवढी माणसं वाचली, आक्का," कुणी म्हणालं की ती एवढंच म्हणायची, "एक ऱ्हायली."

आणि मग धुक्याची ती सकाळ. वळणावर चहाचं दुकान टाकलेली सगुणा पाणी उकळत होती. तिनं बघितलं, तायाक्का एकदम उठून उभी राहिली. चेहरा असा उजळला होता जसा शेवंताच्या लग्नाची हळद कुटताना उजळला असेल.

"ऐकलंस का, सगुणे? बोलाय लागली!"

"कोण, आक्का?"

मुसळ तिथेच टाकून तायाक्का मोकळ्या हातांनी घाटाच्या रस्त्यानं चालू लागली. चालत होती ती पोरीला आणायला निघालेल्या आईसारखी, असं सगुणा सांगायची. धुकं उठल्यावर माणसं शोधायला गेली. खिंडीपर्यंत गेली, दरीत उतरली. काही सापडलं नाही. त्या घाटात दाट धुकं असलं की खालून जुन्या मोटारीची घरघर ऐकू येते, आणि ती ऐकू येत असेपर्यंत कुणाचा अपघात होत नाही, असं म्हणतात.

आता घाटात डांबर आहे, कठडे आहेत. काही गाड्यांना तर क्लचही नाही. तरी पहिल्या वळणावर प्रत्येक गाडी थांबते. गाणी बंद होतात. ड्रायव्हर न्यूट्रलला टाकतो, क्लच असला तर दाबतो, सोडतो, आणि कान देतो.

वरात असली तर ताशा थांबतो, फटाके थांबतात, फोनवर बोलणारेही थांबतात. नवरीची आई खिडकीशी येते आणि लेकीला विचारते, "तायाक्का इचारतीया, तुला काय ऐकाय येतंय?" उत्तर नवरीनंच द्यायचं. नवऱ्यानं नाही, मामांनी नाही. ती "न्या" म्हणाली की मगच गाडी हलते.

मागच्या उन्हाळ्यात एक नवरी म्हणाली, "मला आवाज येतोय."

ड्रायव्हरनं गाडी तपासली. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं तपासली. गावातून मेस्त्री आला, त्यानं खाली झोपून तपासली. गाडी नवी होती, काही सापडलं नाही. आईनं पुन्हा विचारलं. नवरी पुन्हा तेच म्हणाली, ह्या वेळी जरा हळू, मान खाली घालून. वऱ्हाडातले लोक घड्याळं बघत होते. मुलाच्या चुलत्यानं तोंड उघडलं, आणि त्याच्याच म्हाताऱ्या आईनं त्याचा हात दाबला.

कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. आईनं दार उघडलं, आत सरकून तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "सांग. गाडीचा न्हाई, तर कसला येतोय?"

गाडी त्या दिवशी घाट चढली नाही.