खिळ्यावरची किर्र

या रे, जवळ या. पाय पोटाशी घ्या. ऐका.

एक होतं टेबल. टेबलाखाली होता एक रातकिडा. एवढास्सा. तांदळाच्या दाण्याएवढा. नाव त्याचं इवलू.

इवलू पंखावर पंख घासायचा. किर्र! किर्र! बाकी त्याच्यापाशी काही नव्हतं. घर नाही, दार नाही. फक्त किर्र.

टेबलावर होता विजूमावशीचा कॉम्प्युटर. मावशी दिवसभर कानांवर हेडफोन घालायची. हेडफोनला होती एक दांडी. दांडीत बोलायची, "हॅलो, तुमचं पार्सल निघालंय हं!"

दिवस कलला. मावशी दमली. हेडफोन काढला, भिंतीच्या खिळ्याला अडकवला. आवाज परत स्पीकरवर करायचा, तो राहिलाच. खुर्चीतच तिचा डोळा लागला. तिन्हीसांजेला झोपू नये बाई! पण लागला.

इवलू भिंतीवर चढला. टुप् टुप् टुप्. दांडीवर बसला. म्हणाला, किर्र!

सूंऽऽऽ!

दांडीनं किर्र ओढून घेतली. किर्र वायरीतून गेली. सरसर, सरसर. कॉम्प्युटरात शिरली.

इवलूनं पंख घासले. फुस्स. पुन्हा घासले. फुस्स.

आणि खिळ्यावरचा हेडफोन गायला लागला. किर्र... किर्र... आत डोकं नाही. कान नाहीत. आवाज मात्र इवलूचा!

"हेडफोनबुवा, हेडफोनबुवा, माझी किर्र द्या!"

हेडफोन झुलला. वारा नव्हता, तरी झुलला. हळूच म्हणाला, "मी नाही सोडत. माझं तोंड कानापुरतं. किर्र सुटेल ती स्पीकरच्या तोंडून. पण दिवा लागायच्या आत हं! दिवा लागला, की किर्र माझी."

खिडकीत अंधार आला. उभा राहिला.

इवलू निघाला. टुप् टुप् टुप्.

"स्पीकरदादा, स्पीकरदादा, तोंड उघड!"

"का रे बाळा?"

"हेडफोन सोडेना, माझी किर्र मिळेना!"

"मी नाही उघडत. आधी कॉम्प्युटरला माझं ऐकू दे."

टुप् टुप् टुप्.

"कॉम्प्युटरराव, कॉम्प्युटरराव, स्पीकरचं ऐका!"

"का रे बाळा?"

"स्पीकर उघडेना, हेडफोन सोडेना, माझी किर्र मिळेना!"

"मी नाही ऐकत. कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र आहे. आधी बाणाला ते दाबू दे."

अंधार खिडकीतून आत आला. एक पाऊल.

टुप् टुप् टुप्. काचेवर होता पांढरा बाण. गप्प.

"बाणभाऊ, बाणभाऊ, चित्र दाब!"

"का रे बाळा?"

"कॉम्प्युटर ऐकेना, स्पीकर उघडेना, हेडफोन सोडेना, माझी किर्र मिळेना!"

"मी नाही दाबत. आधी माऊस सरकू दे."

टुप् टुप् टुप्.

"माऊसमामा, माऊसमामा, सरक ना!"

"का रे बाळा?"

"बाण दाबेना, कॉम्प्युटर ऐकेना, स्पीकर उघडेना, हेडफोन सोडेना, माझी किर्र मिळेना!"

"मी नाही सरकत. आधी हात हलू दे."

अंधार टेबलावर चढला. खिळ्यावर हेडफोन झुलला. किर्र... किर्र... कोण झुलवतंय? कुणीच नाही.

टुप् टुप् टुप्. खुर्चीवरून हात लोंबत होता. गार गार.

"हातकाका, हातकाका, हला ना!"

"का रे बाळा?"

"माऊस सरकेना, बाण दाबेना, कॉम्प्युटर ऐकेना, स्पीकर उघडेना, हेडफोन सोडेना, माझी किर्र मिळेना!"

"मी नाही हलत. आधी डोळे उघडू देत."

इवलू चढला. मनगट, कोपर, खांदा, गाल. टुप् टुप् टुप्.

"डोळेताई, डोळेताई, उघडा ना!"

"का रे बाळा?"

"हात हलेना, माऊस सरकेना, बाण दाबेना, कॉम्प्युटर ऐकेना, स्पीकर उघडेना, हेडफोन सोडेना, माझी किर्र मिळेना!"

"आम्ही नाही उघडत. आधी दिवा लागू दे."

"अहो, दिवा लागला तर किर्र हेडफोनची!"

डोळे मिटले ते मिटले.

अंधार खुर्चीपाशी आला. हेडफोन आता हसत हसत गात होता. किर्र-खिक्! किर्र-खिक्!

इवलूला रडू फुटलं. पुढे जायला वाट नाही. पुढे नुसतं एक नाक. घुर्रर्र... फूऽऽ. घुर्रर्र... फूऽऽ.

नाकाला इवलूनं काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर तेही म्हणालं असतं, का रे बाळा! इवलूनं आपली लांब मिशी पुढे केली. नाकात घातली. गुदूगुदू, गुदूगुदू.

"आऽऽऽक् छी!"

इवलू उडाला, थेट टेबलाखाली! डोळे उघडले! हात हलला! माऊस सरकला! बाण धावला, कर्ण्याचं चित्र दाबलं. टिक्! खाली दोन नावं आली. एक हेडफोन, एक स्पीकर.

"अगंबाई," विजूमावशी म्हणाली, "स्पीकरवर करायचं राहिलंच की!"

टिक्!

कॉम्प्युटरनं ऐकलं! स्पीकर उघडला! हेडफोननं सोडली!

किर्रर्रर्रर्र!

भिंतीला आपटली. छताला आपटली. खोलीभर गरगरली. इवलूनं पंख पसरले. किर्र आली, आली, आणि सुळ्ळकन पंखात शिरली.

"हा कसला बाई आवाज?" मावशी दचकली. बटण दाबलं. कॉम्प्युटर बंद. स्पीकर गप्प. हेडफोन गप्प.

किर्र गप्प होईना!

मावशीनं दिवा लावला. गुडघ्यांवर बसली. टेबलाखाली वाकून पाहिलं.

"तूच होय रे? माझ्या नाकात मिशी घालणारा?"

"किर्र!"

"वर तोंड करून बोलतोस? गा बाबा, गा!"

इवलूची किर्र इवलूच्या पंखापाशी. तुमची झोप तुमच्या उशाशी.