नावही गाळू का?

शर्वरीची अक्षरशः गाळण उडाली होती हो! शब्दकोशाच्या ऑफिसात तिचा दुसराच आठवडा, आणि संपादक कानिटकर सर तिच्या डोक्यावर उभे. "हे शब्द अकारविल्हे लाव, दुबार आलेले काढ. संध्याकाळपर्यंत झालं नाही, तर नोकरी गेली समज!"

शब्द हजारो. घाबरत घाबरत तिनं कॉम्प्युटरवर, ज्यात शब्द टाइप केले होते त्या एडिटरमध्येच सगळा मजकूर निवडला आणि एक कमांड दिली. मजकूर आतल्या आत फिल्टर प्रोग्रॅममधून गेला आणि क्षणात ओळीनं लागून, दुबार शब्द गळून, जागच्या जागी परत आला!

सर लालेलाल. "हे तू कुठं केलंस? त्या फिल्टरनं, त्या गाळणीनं केलं! कोशातून तुझं नाव गाळतो, आणि ऑफिसातून तुला!"

शर्वरीला रडूच फुटणार होतं. तरी ती म्हणाली, "बरं सर. पण शब्द तर लोकांचे, छपाई यंत्राची... मग मुखपृष्ठावरचं तुमचं नावही गाळू का?"

अख्ख्या ऑफिसाच्या माना वळल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"उद्या वेळेवर ये," एवढंच म्हणाले.