पाटाकडे पाठ फिरवलेला धोंडा

भोनगावच्या बंधाऱ्यावरचे सगळे देव पाण्याकडे तोंड करून बसलेत. एक शेंदूर फासलेला धोंडा तेवढा पाटाकडे पाठ करून गावाकडे बघतो. देव उलटा बसवला की काय, असं पाहुणे हटकून विचारतात. मग म्हातारे गोविंदआप्पा त्यांना सावलीत बसवून सांगू लागतात.

फार पूर्वी पाण्याची वाटणी रायभान पाटलाकडे होती म्हणे. पाटावर लागतील तेवढी माणसं नेमावीत, कामं वाटून द्यावीत, असा अधिकार गावाने त्याला दिला होता. त्याने माणसं नेमलीही, पण त्याचा जीव काही कुणावर सोपवेना. कुणी शेताकडे पाणी वळवलं की हा मागोमाग जाऊन बघणार, तेच काम पुन्हा करणार. भला माणूस, पण स्वभावाला औषध नाही. उजाडायच्या आत निघायचा आणि दिवे लागल्यावर परतायचा. घरी बायको जमना तापाने खंगत चालली होती. दोन घटका जवळ बसा, एवढंच तिचं मागणं होतं.

शेवटी पाटलाने पाणीवाटपाच्या अधिकाराची आपली काठी नेमलेल्यांपैकी सुपडू पाटकऱ्याच्या हाती दिली आणि तो घरी निघाला. निम्म्या वाटेत आला नि मन खायला लागलं. तो धावत माघारी फिरला.

इकडे वर पाऊस झाल्याने पाट तुडुंब भरला होता. जादा पाणी नदीत सोडायला सुपडूने सांडव्याच्या फळीला हात घातलाच होता. तेवढ्यात पाटील येताना दिसला. मालक आले म्हटल्यावर सुपडू हुकमाची वाट बघत थांबला. पाटलाला धाप लागलेली, तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात पाट फुटला आणि खालची शेतं वाहून गेली.

सुपडूला हाकला, म्हणून गाव उठलं. पाटलाला मात्र कळून चुकलं होतं, आपण आलो नसतो तर फळी निघाली असती. त्याने फुटल्या जागेचा धोंडा डोक्यावर घेतला, सगळ्या गावातून फिरवला, बंधाऱ्यावर आणून ठेवला. मग काठी पुन्हा सुपडूलाच दिली.

"काठी तुना हातमा, दोष मना डोकावर. आते मी घर जास."

तो गेला, तो वळला नाही. दारात त्याला पाहून जमना उठून बसली.

"उजेडमा दिसनात तुम्ही आज!"

ती त्यातून उठली असं काही सांगतात, नाही असंही काही सांगतात. तो जवळ होता, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. धोंडा दुसऱ्या दिवशी आपसूक गावाकडे वळलेला दिसला म्हणे.

आजही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाणी सोसायटीचा नवा अध्यक्ष इथे पाटकऱ्यांच्या हाती काठी देतो, धोंड्याला डोकं लावतो आणि पाटाकडे पाठ करून घरी निघतो. त्याने मागे वळून पाहू नये म्हणून सगळं गाव वाटेवर उभं राहतं. दारात बायको पाण्याचा तांब्या घेऊन थांबलेली असते.