घारीने नेलेली सावली

सरका जरा भिंतीकडे. नाम्या, पाय पांघरुणात घे बघू, बाहेर लोंबत ठेवू नकोस. का ते पुढे कळेल. आणि मी थांबले की दोघांनी ‘हूं’ म्हणायचं. नाही म्हटलंत तर मी आपली कूस बदलून झोपेन, मला काय.

तर एक होतं गाव. राजाबिजा काही नव्हता त्याला, उगाच विचारू नका. खाडीच्या काठी पंधरा-वीस घरं, माडांची रांग, आणि दारापुढे दांडीवर वाळत घातलेले बोंबील. त्या गावात राहायची चांगुणा. नवरा मोठ्या होडीवर, पंधरा-पंधरा दिवस समुद्रात. घरात म्हातारी सासू आणि पाच वर्षांची लेक. लेकीचं नाव पोवळी. दोन वेण्या घालायची आणि दिवसभर अंगणात एका पायावर उड्या मारायची.

त्या गावाची एक रीत होती, बरं का. मासळी साफ केली की डोकी, आतडी, कल्ले मुठीत घ्यायचे, अंगणाच्या मधोमध उभं राहायचं आणि ‘घे गं बाय’ म्हणून उंच फेकायचे. वर घार फिरत असायची. पंख हलवायची नाही, नुसती गोल गोल. घास वर गेला की सुर्रकन यायची आणि हवेतच पायांत धरायची. मग उडता उडता मान वाकवून खायची. पानावर वाढलेलं चालत नाही तिला, ती काय कावळा आहे? तिचा घास वरच फेकायचा.

पण चांगुणा होती हिशेबी. तिला वाटलं, एवढं चांगलं खत आभाळात का फेकायचं? माडाच्या मुळाशी पुरलं तर नारळ कसे लगडतील! सासू म्हणाली, “सूनबाई, घारीचं घारीला दे. मोकळं दिसेल ते उचलते ती.” चांगुणा म्हणाली, “आत्याबाई, मग मी मोकळं काही ठेवतच नाही.” आणि तिनं माडाखाली खड्डा केला, घास पुरला, वर माती लोटली.

पहिल्या दिवशी भर दुपारी घार आली आणि दांडीवरचे बोंबील घेऊन गेली. चांगुणाने दांडीवर जुनं जाळं घातलं. दुसरा घास दुसऱ्या खड्ड्यात पुरला.

दुसऱ्या दिवशी घार आली आणि कोंबडीचं पिल्लू घेऊन गेली. कोंबडी नुसती थयाथया नाचली बिचारी. चांगुणाने कोंबडीवर डालगं घातलं, पिल्लं डालग्याखाली लोटली. तिसरा घास तिसऱ्या खड्ड्यात.

मग आला तिसरा दिवस. बाराची वेळ. वारा पडलेला. अंगणात मोकळं असं काही उरलंच नव्हतं. मासळी जाळ्याखाली, पिल्लं डालग्याखाली, तांब्यासुद्धा झाकलेला. नुसती पोवळी उभी होती उन्हात, आणि तिच्या पायाशी तिची इवलीशी सावली.

हूं म्हणा की!

तर मग घार खाली आली. जमिनीला पंखसुद्धा लागला नाही. आणि ओलं लुगडं दगडावरून सोलून घ्यावं तशी तिनं ती सावली उचलली. चांगुणा दारात उभी होती. तिनं डोळ्यांनी बघितलं, घारीच्या पायांत काहीतरी काळं लोंबत होतं आणि त्याला दोन वेण्या होत्या.

पोवळी रडली नाही. घरात आली, भिंतीला टेकून बसली. चांगुणाने भात वाढला तर म्हणाली, “नको, मी खाल्लं.”

“काय खाल्लंस गं?”

“सरडा.”

संध्याकाळी पोर म्हणाली, “आई, वरून आपलं घर केवढंसं दिसतं! बंदरावर एक मेलेला उंदीर पडलाय, कुणालाच दिसत नाही.” दुसऱ्या दिवशी म्हणाली, “पलीकडे डोंगराला वणवा लागलाय. नाकतोडे पळतात ना धुरातून, ते मी आयते धरले. बेडूकही खाल्ला. सापाचं पिल्लू खाल्लं.” आणि हात कसे? गार. पायही गार. अंगणात उभी केली तर पायाशी काहीच नाही, नुसती पांढरी माती. कोंबड्या तिच्या पायांमधून जायच्या, जणू ती नव्हतीच तिथे. तिसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाने हाक मारली, “पोवळे!” पोर ओ द्यायच्या ऐवजी शीळ घालायला लागली. लांब, कापरी. चीईई... इर्रर्र. घार घालते तशीच्या तशी.

चांगुणा सासूच्या पाया पडली. “चुकलं माझं, आत्याबाई. माझं पोर मला परत पाहिजे.”

सासू म्हणाली, “आजची दुपार टळली की सावली घारीची झाली. मग पोर अंगानं इथे राहील, पण तुझी नाही राहणार. जा, काय करायचं ते कर.”

चांगुणाने ताटभर ताजी मासळी अंगणात मांडली. घारीनं ढुंकून पाहिलं नाही, कावळ्यांनी फस्त केली. मग बघते तर काय? घारीची सावली अंगणातून सरकत होती, आणि त्या सावलीला पंखच नव्हते! वेण्या होत्या. चांगुणा जाळं घेऊन तिच्यामागे धावली. या घरामागून त्या घरामागे, तिथून बंदरावर. झेप घालून जाळं टाकलं, तर जाळ्यात नुसती वाळू.

ऊन डोक्यावर आलं. आणि तेव्हा तिला कळलं. तिनं खुरपंसुद्धा घेतलं नाही. माडाखाली बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरली. तीन खड्डे, तीन घास. शी, नाक नका मुरडू! कुजले होते, घाण येत होती, पण घारीला शिळं-ताजं काही नसतं. होतं ते तिचंच होतं. चांगुणाने दांडीवरचं जाळं काढलं, डालगं उचललं, सगळं मोकळं केलं. पोवळीला मधोमध उभी केली.

पहिला घास फेकला. नेम चुकला, घास माडाच्या झावळीत अडकला.

दुसरा फेकला. “घे गं बाय!” घार आली. एका पायात सावली घट्ट धरलेली, दुसऱ्यानं घास धरला. खायला मान वाकवणार, तोच चांगुणाने अंगातलं सगळं बळ लावून तिसरा फेकला. पाय दोनच, बरं का. घारीनं खाली पाहिलं, वर पाहिलं. समोर आलेला घास ती सोडत नाही कधी. तिनं सावलीचा पाय उघडला आणि घास धरला.

सावली डुलत डुलत खाली आली आणि पोवळीच्या पायाशी पडली. पोवळीनं एकदा डोळे मिचकावले. मग मोठ्यांदा भोकाड पसरलं आणि म्हणाली, “आई, भूक लागली! भात दे!” चांगुणा तिला कवटाळून अशी रडली, अशी रडली, की सासूनं उठून दोघींना पाणी दिलं.

मग रीत पुन्हा सुरू झाली. घार पोट भरून राहिली, माणसं पोट भरून राहिली. पोवळी मोठी झाली, लग्न झालं, नातवंडं झाली. फक्त सावलीच्या खांद्यावर घारीच्या नखांची तीन भोकं राहिली, ती राहिलीच.

काय गं बबी, भिंतीकडे काय बघतेस अशी? हो, माझीच सावली ती. आहेत तीन भोकं. दुखत नाहीत आता. माझी आई मला पोवळीच म्हणायची, शेवटपर्यंत. आणि मी चाळीस वर्षांची बाई झाले तरी दुपारी अंगणात गेले की धावत येऊन माझा हात धरायची.

उद्या मासळी आली की पहिला घास तुम्ही दोघांनी फेकायचा. उंच. नाम्या, घेतलेस ना पाय आत? शहाणा माझा. आता दिवा मालवते. मिटा डोळे.