शेवंती आणि चुना

कुंडीतली माती आणि रोपं उघड भांडत असत, तेव्हाची ही गोष्ट. गोदूताई उरलेला गोड चहा रोज शेवंतीच्या कुंडीत ओतत. माती आंबली आणि शेवंती पिवळी पडली.

"कंजूष मेली! सगळं खत पोटात दाबून बसलीस!" शेवंती मातीवर कडाडली.

शेजारणीच्या सांगण्यावरून गोदूताईंनी चहा ओतणं थांबवलं आणि आंबटपणा मारायला मातीत चिमूटभर चुना कालवला. शेवंती आणखीच भडकली. "मेल्या, मला जाळायला आलास? चालता हो!"

चुनाही तापला. "गोड चहानं माती आंबत होती, तेव्हा चहाला बोलायला तुझी वाचा बसली होती का? आता गप्प राहा, मला काम करू दे!"

महिन्याभरात शेवंतीला हिरवीगार पालवी फुटली. ती ओशाळून चुन्याला हाका मारू लागली.

"आता कशाला हाका मारतेस?" माती संतापून म्हणाली. "तुझ्या शिव्या तेवढ्या ऐकून तो माझ्यात विरून गेला."