लीलाधरचं छप्पर

“पण बाबा, छप्पर बदलाची वेळ आली हे ओळखाचं कसं?”

लीलाधरने विचारलं खरं, पण त्याला उत्तर नको होतं.

नदीकाठच्या त्या लहानशा मठाचं कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं, छप्पर त्याने स्वतः रचलेलं. शिष्य म्हणून आला, त्याच वर्षी. तेव्हापासून त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. कुठे गळलं, की हाच वर. कवेलू फुटलं, की हाच वर.

गावकरी नवं छप्पर घालून द्यायला तयार होते. सांजेच्या भजनाला येणारी पंचफुलाबाई तर रोज विचारायची. लीलाधर नाही म्हणायचा. मठाचे गुरू सुकदेवबाबा दोघांचंही ऐकून घ्यायचे.

आज मात्र बाबांनी आपली घोंगडी उचलली आणि अंगणातल्या चिंचेखाली नेऊन टाकली.

“बाहेर कायले, बाबा? आत एक थेंब गळत नाही.”

“नाही गळत.”

“एक कवेलू हललं नाही.”

“नाही हललं.” बाबा वर बघत राहिले. “वानरं दिसत नाहीत रे आताशा.”

लीलाधरची छाती फुगली. “हाकलली मी! पयले दिवसभर धुडगूस घालत. आता भिंतीवर येतात, छपराकडे पाहतात अन् वापस जातात. दरारा हाय आपला.”

“असन...” बाबा म्हणाले आणि घोंगडीवर आडवे झाले.

हे त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने शिडी लावली, वर चढला आणि छपराच्या मधोमध उभा राहिला.

“पाहा, बाबा!”

त्याने पाय आपटला. काही झालं नाही.

म्हणून पुन्हा आपटला.

कडाड आवाज झाला. धूळ खाली बसली तेव्हा काखेपासून वरचा लीलाधर छपरावर होता. बाकीचा मठात लोंबत होता.

बाबा आत गेले. डोक्यावर दोन पाय सायकल चालवल्यासारखे फिरत होते.

“लागलं का रे?”

“नाही.” वरून आवाज आला.

“मग?”

“बाबा, वासे आतून पार भुगा झाले. वाळवी. वानरांले पयलेच कळलं.” आवाज बारीक झाला. “मी किती निगा राखली...”

“राखली.”

“चांगलं रचलं होतं मी.”

“लय चांगलं रचलं होतं.”

तेवढ्यात पंचफुलाबाई टाळ घेऊन अंगणात आली. वर पाहिलं. तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना.

“हासून घ्या, बाई,” लीलाधर वरून म्हणाला. “अन् गावात सांगा, उद्या माणसं पाठवा. छप्पर उतरवाचं हाय.”

बोलता बोलता त्यालाही हसू फुटलं. त्या हसण्याने आणखी दोन कवेलू खाली आली.

“हास, पण हालू नको,” बाबा म्हणाले. त्यांनी चौरंग ओढला आणि त्यावर उभे राहिले. “पाय ठेव माझ्या खांद्यावर.”

“तुमच्या खांद्यावर? गुरूले पाय लावू?”

“नको लावू. लटक.”

तो लटकला...

बाहेर पंचफुलाबाईने टाळ वाजवून पाहिला, पुन्हा हसली, पुन्हा थांबली.

शेवटी एक पाय हळूच खाली आला. अंगठ्याने चाचपलं. मग दुसरा आला.

बाबा थोडे वाकले. मग सरळ झाले.

“लय जड झालो का, बाबा?”

“छपराले झाला होता,” बाबा म्हणाले. “मले नाही.”